बिब्ब्याचा डाग

राहीबाईच्या हाताला गुण आहे असं उंब्रजमध्ये सगळे म्हणायचे, आणि गाव एकदा एखादी गोष्ट म्हणायला लागलं की ती खोडायला ब्रह्मदेव आला तरी हात हलवत परत जाईल. कुणाच्या पायात काटा मोडला की माणूस लंगडत तिच्या दारात यायचं. पाय मांडीवर घेऊन ती सुईच्या टोकानं काटा उकरायची, मग त्याच सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरायची आणि काळं तेल सुटलं की जखमेवर टेकवायची. चटका बसायचा, माणूस तोंडाला येईल ती शिवी द्यायचं, पण पाय पिकायचा नाही. मागं एक काळा डाग तेवढा राहायचा. धोबी कपड्यावर खूण करतो ती बिब्ब्यानंच. कापड फाटतं, पण खूण जात नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक. त्यामुळं गावात निम्म्या लोकांच्या तळव्यांवर काळे ठिपके होते आणि त्यांच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं.

तिचा नवरा कृष्णात पलटणीत नाईक होता. लढाई संपली आणि तो इटलीतून दोन हात, दोन पाय आणि एक बुटांची जोडी घेऊन घरी आला. त्याची आई, साळूबाई, महिनाभर शेजारीपाजारी सांगत होती की माझा लेक सुरुंगांवरनं चालत आला. आणि अशा या माणसाच्या डाव्या पायात, पहिल्यांदा औत धरलं त्या दिवशी, बाभळीचा काटा मोडला.

"जर्मनानं सोडला, आन् बाभळीनं गाठला," तो हसत म्हणाला. राहीबाईनं काटा काढला, बिब्बा लावला. त्यानं चटक्यासरशी शिवी दिली ती इटालियनमध्ये दिली, आणि तिचा अर्थ तिला आजवर सांगितला नाही.

पुढं केव्हातरी त्याच्या टाचेवर काळा डाग दिसायला लागला. आंघोळीच्या वेळी पाय घासताना तो म्हणायचा, "राहे, तुझा बिब्बा लय माजलाय गं." ती म्हणायची, "उतला आसंल. जाईल." डाग जोंधळ्याच्या दाण्याएवढा होता, तो तुरीच्या डाळीएवढा झाला, पावलीएवढा झाला. बिब्ब्याचा ठिपका गोल असतो. हा एका अंगाला पसरला, आणि काठ कुरतडल्यासारखा झाला. रंगही एक राहिला नाही. मध्ये काळाभोर, कडेला सुपारीच्या थुंकीसारखा तांबूस, आणि एका कोपऱ्यात निळसर झाक. दुखत मात्र नव्हता. आणि न दुखणाऱ्या गोष्टीला आपल्याकडं दुखणं म्हणत नाहीत. सगळं घोडं पेंड खातं ते तिथं.

त्या वर्षीचा गूळ घेऊन दोघं सांगलीला गेली. कृष्णातच्या आज्ज्यापासून त्यांचा गूळ आणि हळद तवनाप्पांच्या पेढीवर जायची. गणपतीचं दर्शन होईल म्हणून राहीबाईही बरोबर होती. रिवाजाप्रमाणं कृष्णातनं बूट पायरीखाली काढले आणि तो पांढऱ्या गादीवर जाऊन बसला. उठला तेव्हा तवनाप्पांची नजर गादीवर गेली. बगळ्यासारख्या पांढऱ्या चादरीवर रक्ताचे ठिपके पडले होते.

"बूट चावला का?" तवनाप्पांनी विचारलं.

"न्हाई वो. बिब्ब्याचा डाग हाय. चिघळला आसंल जरा."

तवनाप्पा व्यापारी माणूस. गुळाची ढेप हातात घेतली की आतलं पाणी ओळखायचे. त्यांनी पाय बघायला मागितला, टाच उजेडाकडं वळवली आणि त्यांचा चेहरा पडला. "नाईक," ते म्हणाले, "आज गावाकडं जायाचं न्हाई. असंच उठायचं आन् मिरजेला जायाचं." मग त्यांनी आत हाक मारून राहीबाईला आपल्या आईकडं पाठवलं.

त्यांच्या आई चंदनबाला परसात हळकुंडं निवडत बसल्या होत्या. लेकाचं बोलणं त्यांच्या कानावर गेलंच होतं. त्यांनी राहीबाईला जवळ बसवलं, दार लोटून घेतलं आणि लुगड्याची कड खाली ओढून कंबर दाखवली. तिथं वीतभर लांब, आत ओढल्यासारखा व्रण होता.

"इथं माझी गाठ बसायची," म्हातारी म्हणाली. "जलमभर लुगडं आवळून नेसलं. आधी कातडं काळं पडलं, मग भेगाळलं, मग जखम झाली ती भरंच ना. काठ दगडावानी. लाजंपायी कुणाला दावली न्हाई गं. परक्या पुरुषाला कंबर कशी दावायची? दोन पावसाळं काढलं. शेवटी वास याया लागला तवा लेकाला कळलं. मिरजेत कापली, म्हणून बसलीया तुझ्यापुढं. जी जखम भरत न्हाई, तिला जखम म्हणू ने. तुझ्या मालकाला घेऊन जा."

राहीबाईनं गणपतीला तिथूनच हात जोडले आणि दोघं टांग्यात बसली.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर उंच, थकल्या डोळ्यांचे होते. त्यांनी टाच बघितली. मग भिंग घेऊन बघितली. राहीबाईनं अगोदरच सांगून टाकलं की डाग बिब्ब्याचा आहे, तिनं स्वतःच्या हातानं लावलाय.

"काटा कुठं मोडला होता? बोट ठेवून दाखवा," डॉक्टर म्हणाले.

तिनं हात पुढं केला. टाचेकडं निघालेलं बोट आपोआप वर सरकलं आणि करंगळीच्या खाली जाऊन थांबलं. काटा तिथं मोडला होता. तिला तो दिवस लख्ख आठवला, मांडीवरचा पाय आठवला. करंगळीखाली आता काहीच नव्हतं. कातडं स्वच्छ होतं.

"बिब्ब्याचा डाग कापडावर राहतो," डॉक्टर म्हणाले. "तळव्याचं कातडं झिजतं, नवं येतं, तसा तोही जातो. हा बिब्बा नव्हे, बाई. हा कातडीचा कॅन्सर आहे."

तो शब्द दोघांनी ऐकला होता. पण तो घशाचा, पोटाचा असतो, विडी ओढणाऱ्याच्या तोंडाचा असतो. कातडीला कॅन्सर कसा होईल, असं कृष्णातनं विचारलं.

"होतो. आणि एका जातीचा नसतो. कुणाच्या चेहऱ्यावर मोत्यासारखा फोड येतो, फुटतो, खपली धरतो, पुन्हा फुटतो. तो बरीच वर्षं जागा सोडत नाही. कुणाच्या भाजल्याच्या जुन्या व्रणावर, बायकांच्या कमरेला लुगडं काचतं तिथं, न भरणारी जखम होते. तोही हळू चालतो. वेळेवर आलं तर कापून मोकळं होता येतं. हा काळा मात्र चालत नाही, पळतो." डॉक्टरांनी कृष्णातच्या जांघेत बोटं दाबून बराच वेळ चाचपलं. "अजून इथं काही लागत नाही. म्हणजे तो पायातच आहे, अशी आशा धरू. गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. खात्री देत नाही, पण वाट असेल तर ही एकच आहे. जांघेत गाठ यायच्या आत."

कृष्णात उठला. एकेक पाय बुटात घातला, नाड्या आवळल्या. "साहेब," तो म्हणाला, "सुरुंगावर पाय पडलेली माणसं मी खांद्यावरनं वाहिल्याती. ती गुरावानी वरडत हुती. माझा पाय दुखत न्हाई, अडत न्हाई, औतामागं दिवसभर चालतोय. लढाईनं घेतला न्हाई त्यो पाय मी घरी बसून तुमच्या हातात देऊ व्हय?"

डॉक्टरांनी हात जोडले. खरोखर जोडले. "मी तुमच्याकडं पाय मागतोय, तो जिवासाठी मागतोय," ते म्हणाले. कृष्णात सलाम ठोकून बाहेर पडला.

मिरजेच्या स्टेशनावर राहीबाई फलाटावर बसून राहिली. गाडी लागली तरी उठली नाही. कृष्णात एकदा म्हणाला, दोनदा म्हणाला, आणि डब्यात चढला. शिट्टी झाली. दाराशी तो तिच्याकडं बघत उभा होता, आणि तिला कळून चुकलं की हा माणूस खरंच जाईल. ती धावत जाऊन चढली.

घरी आल्यावर रणकंदन झालं. राहीबाईनं सासूपुढं आजवर पदर ढळू दिला नव्हता. त्या दिवशी तिनं चुलीपुढं उभं राहून सगळं बोलून घेतलं. "पाय गेला तर मी तुमचा पाय हुईन," ती नवऱ्याला म्हणाली. "जीव गेला तर मी कोण?"

"देवानं धाडला तसा माघारी जाईल त्यो," साळूबाई म्हणाली. "अपुऱ्या अंगानं सरणावर चढवू नगंस माझ्या लेकाला."

"सरणाचं कोण बोलतंय, आत्या? मी जगायचं बोलतीया."

पण ऐकतो कोण? उंब्रजला डॉक्टर नव्हता, सल्ला देणारे मात्र घरटी दोन निघाले. कुणी म्हणालं, दवाखान्यात पाय कापून शिकाऊ पोरांना शिकवायला ठेवतात. कुणी म्हणालं, हा महारोग असेल, तोंड दाबून गप्प बसा. कुणी म्हणालं, पाय दुखत नाही म्हणजे रक्त वाहतंय, आणि रक्त वाहतंय म्हणजे पाय जिता आहे. या शहाण्यांपैकी एकानंही टाच उलटी करून बघितली नव्हती. शेवटी जतकडच्या, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या गुंडाचं नाव निघालं. त्याच्या लेपानं आवाळू झडतात, असं मेंढरं विकायला आलेल्या एकानं सांगितलं. पाय कापायचा नाही एवढ्या एका बोलीवर कृष्णात तयार झाला. राहीबाईही गेली; तो पाय नजरेआड करायचा तिला धीर नव्हता.

जतचं रान म्हणजे नुसता खडक आणि कुसळं. गुंडाचं खोपट मेंढरांच्या वाड्याला लागून होतं. त्यानं काही विचारलं नाही. राखाडी लेप थापला, वर रुईचं पान बांधलं. कृष्णात तीन रात्री दात आवळून पडून होता, आणि दुखतंय म्हणजे गुण येतोय, असं गुंडा समजावत होता. काळं कातडं जळून खपली झालं, खपली गळाली, खाली गुलाबी कातडं दिसलं.

उंब्रजला दिवाळी झाली म्हणायची. साळूबाईनं भैरोबाला नारळ फोडला. "बघा, पाय तोडाया निघाली हुती," असं पाणवठ्यावरच्या बायका राहीबाईच्या तोंडावर म्हणाल्या. आणि खोटं कशाला बोला, तिलाही बरं वाटलं. आपण खोटे ठरलो याचा एवढा आनंद माणसाला जन्मात एखाद्याच वेळी होतो. तिनं देवापुढं दिवा लावला आणि डॉक्टर चुकले असू देत म्हणून पदर पसरला.

पण तिची नजर आता ती पहिली राहिली नव्हती. गुलाबी कातड्याच्या कडेनं तिला मोहरी सांडल्यासारखे बारीक काळे दाणे दिसले. तिनं सासूला दाखवले. साळूबाई म्हणाली, मळ आहे. तिनं ते साबणानं घासले, राखेनं घासले. ते गेले नाहीत. गाव म्हणायला लागलं की राहीला डाग बघायचं वेड लागलंय. लागलंच होतं. कुणी काटा काढायला आलं की ती आधी दोन्ही तळवे उलटे करून न्याहाळायची, आणि बिब्ब्याचा डबा तिनं परसातल्या खड्ड्यात पुरून टाकला होता.

जोंधळे निघाले, उसाला नवी पाळी आली. कृष्णात आपलं आंघोळीचं पाणी आपणच काढायला लागला. पाठ चोळायला तिला येऊ देईना. बांध ओलांडताना डावा पाय हातानं उचलायचा आणि कुणी बघतंय का म्हणून मागं बघायचा. एक दिवस राहीबाई बांधावरच बसली होती. तिनं त्याला तिथंच थांबवलं.

"काय लपवताय?" तिनं विचारलं.

त्यानं तिचा हात धरला आणि धोतरावरून जांघेत ठेवला. आत सुपारी होती. एक नव्हे, दोन.

"अवधाण आसंल," तो म्हणाला. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, हे तिलाही माहीत होतं. अवधाण आलं की माणूस ठणक्यानं झोपत नाही, हेही माहीत होतं.

"दुखतंय?"

"न्हाई."

राहीबाई रडली नाही. तिला फक्त समोरचा ऊस दिसेनासा झाला. कृष्णात तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "सुगीच्या आधीपास्नं हाय. तुला सांगायचं त्वांड नव्हतं. आता मिरजेला जाऊ. घ्या म्हणतो पाय."

जायच्या सकाळी त्यानं उजवा बूट घातला. डाव्या पायाला फडकं गुंडाळलं. डावा बूट त्यानं पलटणीतल्यासारखा चकचकीत पुसला होता. तो आईच्या हातात दिला. "कुणाला लागला तर दे, आये. मला आता लागत न्हाई." साळूबाईनं बूट छातीशी धरला आणि सुनेकडं बघून म्हणाली, "झालं तुझ्या मनासारखं." राहीबाईनं बोचकं उचललं. मनासारखं व्हावं म्हणून तर ती देवाला रात्रंदिवस आळवत होती.

गाडीत कृष्णातचा नूर वेगळाच होता. एकदा ठरलं की शिपाई मोकळा होतो. पाय गेल्यावर गुऱ्हाळावर बसून रसाची काहील बघेन, म्हणाला. लाकडी पायावर चालणारे गोरे सोल्जर त्यानं बघितले होते, त्यांची चाल त्यानं बसल्या जागी करून दाखवली. "कुबडी बाभळीचीच करू," तो म्हणाला. "सगळ्याची सुरवात तिनंच केलीया." राहीबाई हसली. फार दिवसांनी हसली, आणि ताकारीचं स्टेशन जाईपर्यंत तिला खरंच वाटत राहिलं की एका पायाचा का होईना, हा माणूस आपला आहे.

डॉक्टर तेच होते. त्यांनी या वेळी टाच थोडी बघितली आणि जांघ फार वेळ बघितली. मग पोट दाबलं, बरगडीखाली बोटं घातली, खोकायला लावलं. हात धुतले. उभ्यानं बोलणारे डॉक्टर स्टूल ओढून कृष्णातच्या समोर बसले, तेव्हाच राहीबाईला कळलं.

"आता पाय काढून काही मिळणार नाही," ते म्हणाले.

"मी आता न्हाई म्हणत न्हाई, साहेब," कृष्णात म्हणाला. त्याला वाटलं, ऐकू गेलं नाही. "मी द्यायाच आलोय. घ्या."

"तेव्हा रोग पायात होता. तो आता पायात राहिला नाही, नाईक. वर सरकलाय. पोटात लागतोय."

कृष्णात खाटेवरून उतरला आणि ताठ उभा राहिला. एका पायात बूट, एका पायाला फडकं. "माझी चुकी झाली," तो म्हणाला. "तुम्ही हुकूम दिला, मी मानला न्हाई. कबूल हाय. शिक्षा म्हणून तरी कापा." मग त्याचा आवाज फाटला. "एवढा बूट घरी ठिवून आलोय मी, साहेब."

राहीबाईनं डॉक्टरांचे पाय धरले. "एक न्हाई, दोनी घ्या," ती म्हणाली. "मांडीपास्नं घ्या. माणूस तेवढं ठिवा."

डॉक्टरांनी तिला दंडाला धरून उठवलं. "घेऊन उपयोग असता तर मी पुन्हा हात जोडून मागितला असता, बाई," ते म्हणाले. त्यांनी दुखायला लागल्यावर द्यायचं औषध दिलं आणि ते कसं द्यायचं ते नीट समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि काही ऐकलं नाही.

मसूरच्या स्टेशनावर उतरून बैलगाडीनं घरी येईपर्यंत दिवस कलला होता. साळूबाई दारातच बसून होती. गाडी थांबली. म्हातारीनं लेकाचं तोंड बघितलं नाही, तिची नजर आधी खाली गेली. पहिल्यांदा बुटाचा पाय उतरला, आणि त्याच्यामागून फडक्याचा.

"दोनी हायती," साळूबाई पुटपुटली. ती उठली, धडपडत आत गेली आणि भाकरीचा तुकडा नि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिनं लेकावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. गुडघ्यांवर बसून दोन्ही पायांवर पाणी घातलं. "पाय वाचला गं माझ्या लेकाचा," ती रडत, हसत म्हणत होती. "माझा भैरोबा पावला." शेजारच्या बायका जमल्या. साळूबाईनं ओल्या हातानंच सुनेच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "बघ, तू कापाया निघाली हुतीस. जाऊ दे. माझा बी राग गेला."

राहीबाईनं तोंड उघडलं. कृष्णात तिच्याकडं बघत होता.

"व्हय, आये," तो म्हणाला. "वाचला पाय."

साळूबाईनं घरातून डावा बूट आणला. कुणाला दिला नव्हता तिनं. पदरानं पुसून देवाच्या फळीखाली ठेवला होता. तो तिनं लेकापुढं मांडला आणि घाल म्हणाली. सगळ्या बायका बघत होत्या. कृष्णात ओट्याच्या कडेला बसला. जांघेतल्या गाठींमुळं त्याला वाकता येत नव्हतं, म्हणून राहीबाई खाली बसली, तिनं त्याचा पाय मांडीवर घेतला आणि हळूच बुटात सरकवला. पाय सुजला होता. तिनं नाडी सगळी सैल केली आणि मग बांधली.